भांडं रिकामं परत करायचं नसतं

ओस्टबी, नॉर्थ डकोटा
२० जानेवारी १९९४

प्रिय आर्लिस,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बोलू दिलंस तर मागे तुझा नवरा टीव्हीवर गोल्फ लावून बसलेला असतो, म्हणून लिहिते आहे.

कर्ट फार्गोच्या इस्पितळातून घरी आला. त्याच्या हृदयाच्या नळीत फुगा घालून ती उघडली म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की बर्फ उपसताना छातीत कळ आली, तरी या शहाण्याने उरलेला रस्ता साफ केला, फावडं जागेवर ठेवलं आणि आत येऊन बायकोला म्हणाला, "जरा बरं वाटत नाहीये." अगदी बापाचा मुलगा. हार्लनही असंच म्हणाला होता, जेवण झाल्यावर, माझ्या टेबलापाशी. गेला तेव्हा तोही चव्वेचाळीसचाच होता. सोळा एप्रिलला कर्टला पंचेचाळीसावं पूर्ण होईल. तोपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही, आर्लिस. हे मी बहिणीखेरीज दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

गावाने मात्र जीव ओवाळून टाकला. भट्टीत भाजलेल्या हॉटडिशच्या भांड्यांची रांग लागली. बर्निसने खिमा, मशरूम सूप आणि वर बटाट्याचे गोळे घातलेली आणली. पास्टरच्या बायकोने क्रीम आणि शेवया. इंगेबोर्गने दोन प्रकारचं चीज घातलेली, कारण "आजारी माणसाला ताकद हवी." फ्रीझर भरला तेव्हा उरलेली मागच्या ओसरीत ठेवली. बाहेर एवढी थंडी आहे की अख्खी ओसरीच फ्रीझर झाली आहे.

आणि सूनबाईने काय केलं असेल? जोलीनने ती सगळी भांडी मोटारीत भरली आणि तिच्या वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीला वाटून टाकली. वर मला म्हणते, "आई, इस्पितळातल्या आहाराच्या बाईंनी कागद दिलाय. क्रीम नाही, लोणी नाही, मीठ चिमूटभर." बरं, ही दुपारी चारला कामावर जाते. मग रात्रीचं जेवण कोण करणार? मी समोरच्याच घरात राहते, दोन्ही हात शाबूत आहेत. पण नाही. रात्रीचं जेवण मुलं करणार. ब्रिटा अकरा वर्षांची, नेल्स आठ वर्षांचा. त्या आहाराच्या बाईंनी म्हणे सांगितलं की पुरुषमाणूस बायकोने केलेलं ताट ढकलतो, आईने केलेलंही ढकलतो, पण मुलांनी केलेलं त्याला ढकलवत नाही. शिवाय मुलं स्वतः केलेलं स्वतः खातात. मी पंचेचाळीस वर्षं रांधते आहे आणि मला त्या स्वयंपाकघरात काम काय मिळालं असेल? खुर्चीत बसायचं.

पहिल्या दिवशी कोबी आणि टर्कीचा खिमा होता. नेल्सने कोबी कापला नाही, फाडला. ब्रिटाने तो इतका शिजवला की खिडक्यांच्या काचांना घाम आला. कर्टने सगळं खाल्लं आणि म्हणाला, "बरं झालंय." माझ्या हॉटडिशला तो वीस वर्षं "बरं झालंय" म्हणत आला आहे. मग माझ्या पंचेचाळीस वर्षांचं काय झालं?

आता सगळ्यांची भांडी परत करायची आहेत. रिकामं भांडं परत करायला आपण काही त्या मेथडिस्ट चर्चवाल्या नाही. मी केक करणार होते, पण ते खातंही मुलांकडे गेलं. बर्निसला तिच्या भांड्यातून उकडलेली गाजरं परत गेली. चाळीस वर्षांची मैत्री आहे आमची.

तुझी,
लव्हॉन


मेसा, ॲरिझोना
२९ जानेवारी

प्रिय लव्हॉन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीने आणि एकदा हसायला. हसण्याचा भाग आधी सांगते, कारण तू स्वतः तो बघितलेला दिसत नाही. हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला अख्ख्या ओस्टबीने क्रीम, चीज आणि खिमा पाठवला. अगं, शत्रूसुद्धा इतकं प्रेमाने मारत नाही. आपल्या गावात कोणी मेलं तर हॉटडिश, कोणी जन्मलं तर हॉटडिश, आणि कोणी मरता मरता वाचलं तर दोन प्रकारचं चीज घातलेली हॉटडिश.

जोलीनने केलं ते बरोबर केलं. तुला मिरच्या झोंबतील, झोंबू देत. इथे आमच्या कॉलनीत सगळे म्हातारे झाडावरची संत्री तोडून खातात आणि सकाळी सहाला चालायला जातात. मी जात नाही, पण खिडकीतून बघते, त्यानेही बराच फरक पडतो.

आता काळजीचं. तुझी ताठ मान मला इथून दिसते. तू खुर्चीत बसलीयस, मुलं कोबी फाडतायत, तू एक शब्द बोलत नाहीस, आणि मनात दुसऱ्या दिवशीचा बेत शिजतोय. खरं सांग, कर्टला चोरून काही देत नाहीस ना?

ब्रिटाला माझा पत्ता दे. तिच्या वाढदिवसाचं कार्ड राहिलंय, ते पाठवते, उत्तर लिहायला पत्ता हवा तिला.

तुझी,
आर्लिस

ता. क. आमच्या साहेबांचं गोल्फ अजून चालू आहे. मला वाटतं ते कधी संपतच नाही.


ओस्टबी
९ फेब्रुवारी

प्रिय आर्लिस,

मी कर्टला चोरून काही देत नाही. मी शेडमध्ये नेऊन देते. शेडला दार आहे, ते उघडं असतं, कोणीही येऊन बघावं. त्यात चोरी कसली?

अगं, माणूस ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसलेला असतो आणि दुपारच्या जेवणाला त्याच्या डब्यात काय, तर पालेभाजी. ससा आहे का तो? चेहरा उतरलाय त्याचा. पँट ढगळ झाली. मी म्हटलं, थोडीशी हॉटडिश खा, कर्ट, तुझ्या आवडीचे बटाट्याचे गोळे आहेत वर. तो म्हणाला, "नको, आई." मी म्हटलं, "थोडीशी." तो म्हणाला, "नको, खरंच." मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने घेतली. आता आपल्याकडे पहिलं "नको" आणि दुसरं "नको" म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तिसऱ्यांदाही नको म्हणाला असता तर मी भांडं उचलून नेलं असतं. मी काही जबरदस्ती केलेली नाही.

तर मागच्या आठवड्यात माझं भांडं शेडमध्ये राहिलं. तुला माहीतच आहे, तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर माझं नाव. नेल्सला ते ट्रॅक्टरच्या सीटमागे सापडलं. मी म्हटलं, आता आरडाओरडा होणार. काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रिटा माझ्या दाराशी आली. टोपी, मफलर, हातात माझं भांडं, घासून लख्ख केलेलं, वर स्वच्छ फडकं, सगळं रीतसर. म्हणाली, "आजी, तुझं भांडं राहिलं होतं."

फडकं काढलं तर आत उकडलेलं बीट. काठोकाठ.

भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्या मुलीला मीच शिकवलं. मी म्हटलं, "किती छान." ती म्हणाली, "बाबांच्या यादीत आहे. तुझ्याही वयाला चांगलं." मग आम्ही हवेबद्दल बोललो.

मग मला पुन्हा भांडं भरून नेणं भागच होतं. नेलं. ते परत आलं, या वेळी कोबीची पोरं, बोराएवढी. तुला आठवतात का, आपली आई उकडायची ती, मोजे वाळत घातल्यासारखा वास येणारी? मी परत हॉटडिश भरली. परत आलं, पाण्यात शिजवलेला सलगम. आर्लिस, हा सगळा सलगम मी खातेय. टाकून कसा देणार, नातवंडांच्या हातचा आहे. पोट बिघडलंय माझं. आणि या घरात कोणी कोणाला एक शब्द बोललेलं नाही. ब्रिटा मला बघून हसते, मी तिला बघून हसते.

कर्टचं विचारशील तर तो शेडमध्ये माझं खातो आणि घरी जाऊन मुलांचं खातो. दोन्हीकडे "बरं झालंय" म्हणतो.

एवढी अक्कल त्या पोरीला आली कुठून, हेच मला कळत नाही. आईकडून तर आलेली नाही.

तुझी,
लव्हॉन


मेसा
१८ फेब्रुवारी

प्रिय लव्हॉन,

सलगम वाचून मी इतकी हसले की साहेबांनी गोल्फचा आवाज वाढवला. पोरगी तुझीच आहे गं. दुसऱ्या कोणाच्या घरात एवढं सभ्यपणे भांडता येतं? बाकी तिला ही अक्कल कुठून आली ते मला काय माहीत, मी एवढ्या लांब बसलेली.

पण तुझ्याच पत्रात तू काय लिहिलंयस ते परत वाच. कर्ट दोन जेवणं जेवतो. डॉक्टरांनी त्याला एक कमी करायला सांगितलं होतं आणि तू एक वाढवलंस. ती मुलं रोज शाळेतून येऊन गाजरं सोलतात, बोटं कापून घेतात, आणि त्यांनी त्यांच्या बाबांच्या पोटात जागा केली की तू तिथे क्रीम ओततेस.

बास कर आता. मी मोठी आहे म्हणून सांगते. नेल्स कोबी कापायचा सोडून फाडतो, तर त्याला कापायला शिकव. सुरी कशी धरायची ते दाखव. खुर्चीत बसून कुढू नकोस.

आणि एक विचारू का? तुला नेमकं काय बोचतंय? मुलं रांधतात हे, की दुसरं काही?

आर्लिस


ओस्टबी
७ मार्च

आर्लिस,

'प्रिय' मुद्दाम गाळलंय.

बुधवारी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं सूपजेवण होतं आणि पाळी आमच्या घराची होती. सांगायला नको, सूप मुलांनी केलं. मोठ्या पातेल्यात राजमा, जव, गाजर आणि कसली तरी हिरवी पानं. तळघरात सगळं गाव जमलेलं. पास्टरने प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी चमचे उचलले. मग बर्निसचा नवरा तांबडालाल झाला. इंगेबोर्गच्या नाकातून पाणी. म्हातारा ओले बाहेर गेला आणि बर्फात उभा राहिला. आपल्याकडे मिरीची डबी दोन पिढ्या पुरते, आर्लिस, आणि त्या सुपात लाल मिरची होती. वाळवलेली, लांब, कातड्याच्या पट्ट्यासारखी.

कोणी वाईट बोललं नाही. आपले लोक बोलत नाहीत. बर्निस म्हणाली, "वेगळंच आहे." इंगेबोर्ग म्हणाली, "हो ना, अगदीच वेगळं." पास्टर म्हणाले, "वेगळं, नाही का?" याहून मोठी शिवी या जिल्ह्यात नाही, हे तुला ठाऊक आहे. मी ब्रिटाकडे बघितलं. तिला ती स्तुती वाटली. मग मात्र म्हातारा ओले आत आला, नाक पुसलं आणि म्हणाला, "अजून थोडं घाल." त्याच्यामागे चार-पाच जणांनी वाट्या पुढे केल्या. पातेलं रिकामं झालं. तळाला नेहमीसारखं एकाच माणसापुरतं उरलं, आणि ते सगळे तासभर एकमेकांना "तुम्ही घ्या" म्हणत बसले.

पण ओस्टबीच्या दुकानात तसली मिरची मिळत नाही. फार्गोतही नाही. मी नेल्सला विचारलं. नेल्सला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "आर्लिसआजीच्या खोक्यातली." मग सगळं बाहेर आलं. वाढदिवसाचं कार्ड. मग दुसरं पत्र. मग खोकं. आणि भांड्यात बीट भरून परत करायची अक्कलही तुझीच. मी तुला माझी बहीण म्हणून मनातलं लिहीत होते आणि तू माझी पत्रं वाचून शत्रूला सल्ले देत होतीस. घरभेदी आहेस तू. "मी एवढ्या लांब बसलेली" म्हणे.

हे सगळं मी हसण्यावारी नेणार होते. अर्धं पत्र मनात लिहूनही झालं होतं. पण शुक्रवारी कर्टची तपासणी झाली.

डॉक्टर म्हणाले, आकडा जिथल्या तिथे आहे. कोलेस्टेरॉल तसूभरही उतरलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत बघू, तोवर उतरलं नाही तर छाती उघडायची का याचा विचार करावा लागेल. जोलीनने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ब्रिटा ओट्याशी उभी होती. तिने हातातली गाजरं खाली ठेवली. तिचा तो मोठा ॲप्रन काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "मला जमत नाही. मी चुकीचं शिजवते आहे." आणि वर निघून गेली. रडण्याचा आवाज आला नाही, पण खाली येऊन जेवलीही नाही. नेल्सने बिचाऱ्याने एकट्याने गाजरं उकडली.

आता तू विचारशील, भांड्याची लढाई तर चालू होती, मग तिला कसं कळलं नाही? तर ती लढाई मी फेब्रुवारीतच थांबवली होती. मुलांना वाटलं, आजी हरली. मी हॉटडिश कॉफीच्या डब्यातून नेत होते. डब्यावर नाव नसतं आणि तो परत करायचा नसतो.

कर्टने ते ऐकलं, ताटाकडे बघितलं आणि गप्प बसला. मीही गप्प बसले. आम्ही दोघं तिथे समोरासमोर बसलो होतो, आर्लिस, आणि एका अकरा वर्षांच्या मुलीला आम्ही वाटू दिलं की तिच्या बापाचा जीव तिच्या हाताने चाललाय.

लव्हॉन


मेसा
१४ मार्च

लव्हॉन,

घरभेदी तर घरभेदी. परत वेळ आली तर परत करीन.

तू विचारलं नाहीस तरी तुला काय बोचतंय ते मी लिहिते, कारण तू ते लिहिणार नाहीस. हार्लन तुझ्या टेबलावर जेवला आणि गेला. पंचवीस वर्षं तू स्वतःला सांगत आलीस की त्यांच्या घराण्याचं रक्तच तसलं, कामाचा ताण, देवाची इच्छा. आता एक पोर ओट्याशी उभी राहून सांगते आहे की लोणी आणि क्रीमने असं होतं. ती खरी ठरली तर तुला वाटतं की हार्लनला तू मारलंस. म्हणून ती खोटी ठरावी असं तुझ्या आत काहीतरी म्हणतंय, आणि त्यासाठी तू डबे भरते आहेस.

हार्लनला तू मारलं नाहीस. हे मी शपथेवर सांगते, आणि मी चर्चमध्येसुद्धा शपथ घेत नाही. पण कर्टच्या बाबतीत मी असं सांगू शकणार नाही. त्याचा कागद फ्रिजवर लावलेला आहे आणि तुला वाचता येतं.

उद्या सकाळी समोरच्या घरात जा. शेडमध्ये नको.

आर्लिस


मेसा
४ एप्रिल

लव्हॉन,

ईस्टर झाला, तुझं कार्ड नाही. फोन केला तर जोलीन म्हणते, "आई कामात आहेत." कसल्या कामात? ब्रिटाही लिहीत नाही. माझ्यावर रागावली असशील तर भांडायला म्हणून तरी लिही. मी इथे खिडकीशी बसून म्हाताऱ्यांना चालताना बघते आणि मला सगळीकडे कर्ट दिसतो. कालपासून मीही त्यांच्याबरोबर चालायला जाते आहे. काय दिवस आले.

आर्लिस


ओस्टबी
१७ एप्रिल

प्रिय आर्लिस,

रागावले होते. तुझं पत्र चुलीत घालायला काढलं, तर आठवलं की आपली चूल विजेवरची आहे. मग ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोन दिवस ड्रॉवरकडेही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरी गेले. शाळा सुटायची वेळ. कॉफीचा डबा बरोबर नेला, मुलांपुढे टेबलावर ठेवला आणि सांगितलं, यातून तुमच्या बाबांना मी रोज हॉटडिश देत होते, तपासणी होईपर्यंत. तुमच्या शिजवण्यात काही चूक नव्हती. चूक या डब्यात होती.

नेल्स म्हणाला, "म्हणजे तू चोर आहेस?" मी म्हटलं, "हो." त्याला ते फारच आवडलं. ब्रिटाने टेबलावरचा डबा पुढे ओढला. डब्याचं झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं. मग तिने माझ्याकडे जे बघितलं, आर्लिस, ते आपल्या आईचं बघणं होतं. मी हात पाठीमागे घेऊन उभी राहिले. सहासष्टाव्या वर्षी.

शेडमधून कर्टला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, बुटांचा चिखल बघत. ब्रिटा म्हणाली, "बाबा, तुम्ही नको का नाही म्हणालात?" तो म्हणाला, "म्हणालो होतो." ती म्हणाली, "किती वेळा?" तो म्हणाला, "दोनदा." दोनदा म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हाच त्या घरात नवा नियम झाला. खाण्याच्या बाबतीत नको म्हणजे पहिल्या वेळेलाच नको. नेल्सने तो फ्रिजवर लावला. मला वाटतं, या जिल्ह्यात असा नियम असलेलं हे एकच घर असावं. बर्निसला सांगितलं तेव्हा तिला बसायला खुर्ची लागली.

मला शिक्षा झाली. नेल्स न्यायाधीश. रोज चार वाजता हजर व्हायचं, सोलायचं, चिरायचं, कसं शिजवायचं ते बोलायचं नाही. पहिला आठवडा मी खरंच बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात नेल्सने कांदा असा धरला की त्याचा अंगठा सूपमध्ये गेला असता, तेव्हा मी त्याच्यामागे उभी राहिले आणि त्याचा हात धरला. बोटं आत दुमडायची, सुरीचं टोक लाकडावरून उचलायचं नाही. तो आता माझ्याहून बारीक चिरतो. मी कोबी कमी शिजवायला सांगितलं, ते ब्रिटाने ऐकलं. तिने मला तुझी मिरची बिया काढून घालायला शिकवलं, ते मी ऐकलं. म्हणून लिहायला सवड झाली नाही. जोलीन खरंच सांगत होती.

आकडा उतरला. बराच. डॉक्टर म्हणाले छाती उघडायचं सध्या डोक्यातून काढून टाका. सोमवारी कळलं. कर्टने घरी येऊन ते हवामानाच्या बातमीसारखं सांगितलं आणि शेडमध्ये गेला. मी खिडकीतून बघितलं, तो ट्रॅक्टरला हात न लावता नुसताच उभा होता.

काल त्याचा वाढदिवस झाला. पंचेचाळीस पूर्ण. तुला कळतंय ना मी काय लिहिते आहे? माझा मुलगा आता त्याच्या बापापेक्षा वयाने मोठा आहे.

जोलीनने सुट्टी घेतली होती. मुलांनी भट्टीत भाजलेला मासा केला, जव, गाजरं, आणि राजम्याची ती तुझी भानगड. केक सफरचंदाचा, त्यात लोणी नाही, त्यामुळे तो केकसारखा दिसतही नव्हता. कर्ट एक घास खाऊन म्हणाला, "बाबांना हे अजिबात आवडलं नसतं."

आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "आवडलं नसतंच. हार्लनने ताट कुत्र्यापुढे ठेवलं असतं आणि कुत्र्याने त्याच्याकडे बघितलं असतं." मग हसू संपल्यावर माझ्या तोंडून पुढचं निघून गेलं. मी म्हटलं, "पण आठवडाभर रोज वाढलं असतं तर मुकाट खाल्लं असतं त्याने. मी वाढलेलं तो काहीही खायचा. मी वाढलंच नाही."

असं काही कोणी बोललं की आपल्याकडे काय करतात ते तुला माहीत आहे. कर्टने खिडकीतून बाहेर बघितलं. जोलीन म्हणाली की बर्फ आता लवकर वितळेल. मी मान खाली घातली. मला वाटलं, वाढदिवसाच्या दिवशी हे बोलायला नको होतं.

ब्रिटाने विचारलं, "आजोबांना कागद दिला होता का डॉक्टरांनी?"

मी म्हटलं, "कसला कागद? तो डॉक्टर स्वतः सिगारेट ओढत तपासायचा. त्याला म्हणाला, लाल मांस खा, अंगात ताकद येईल."

"तुला कोणी काही सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुला कसं कळणार होतं?" ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून नाही, आर्लिस. नेल्सचं गणित चुकलं की त्याला सांगते, त्याच आवाजात. "आम्हालाही कागद मिळाला म्हणून कळलं. नाहीतर आम्हीही क्रीमच घातलं असतं." आणि मोठा चमचा उचलून तिने माझ्या ताटात राजमा वाढला. मी नको म्हटलं नाही.

अळणी होता. मी मीठ मागितलं नाही, सगळा खाल्ला.

तुझी,
लव्हॉन